एकविसावी ते पस्तिसावी फळी

ग्रीन बे,
सोमवार, ६ ऑक्टोबर

प्रिय लिओनाआत्या,

नमस्कार. तुझ्या कमरेची आणि तिकडच्या उन्हाची चौकशी थोडी खाली आहे. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, कारण हेच तुला बाबांकडून किंवा त्यांच्या बोलिंगच्या संघातल्या ड्वेनकाकांकडून कळलं तर क्रम वेगळा लागेल.

१. ऑगस्टमध्ये बाबांनी माझ्या घराच्या तळमजल्यावर राहायला यायचं कबूल केलं. अट एकच होती: स्वयंपाकघराचा मधला ओटा मोडीत निघालेल्या 'हार्बर लेन्स' बोलिंग हॉलमधल्या चार नंबरच्या लेनचा हवा.

२. ६ सप्टेंबरला त्या लेनचा सात फुटी तुकडा, बाणांसकट, माझ्याकडे आला. उचलायला सहा माणसं लागली. सहाहीजण सत्तरीच्या पुढचे होते.

३. सिंक कसं बसवायचं यावर बाबांचं आणि माझं तीन आठवडे एकमत झालं नाही.

४. २७ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, ड्वेनकाकांनी कागदावर लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे फळ्या मोजून सिंकसाठी भोक पाडलं. करवतीची तीन पाती मोडली.

५. भोक चुकीच्या बाजूला पडलं.

६. बाबा ड्वेनकाकांना जे बोलले ते बोलले. ड्वेनकाका उत्तरादाखल जे बोलले ते मी लिहीत नाही.

७. बाबा आपल्या घरी परत गेले. ड्वेनकाका चूक कबूल करेपर्यंत इकडे पाऊल टाकणार नाही म्हणतात. ड्वेनकाका कबूल करणार नाहीत. बाबांच्या घराला बाहेरून अकरा पायऱ्या आहेत, मार्चमध्ये ते सातवीवरून घसरले होते, आणि पहिला बर्फ पडायला साधारण महिना उरला आहे.

आता तुझी तब्येत. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज चालतेस, की चालते असं सांगतेस? शेजाऱ्यांचं मांजर अजून तुझ्याकडेच जेवतं का? मी बरी आहे. कारखान्यात (कागद बनवायच्या यंत्रांचे रूळ मोजणं आणि चुका काढणं, अजून तेच) ठीक चाललं आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि या प्रकरणात वाक्यं पुरी होणं गरजेचं आहे. शिवाय स्टर्जन बेच्या हार्डवेअरच्या दुकानात तू एकतीस वर्षं सिंक विकलीस. आपल्या घरात या विषयावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तुला. मला नाही, हे तीन आठवड्यांत मला बऱ्याच जणांनी सांगितलं.

वाद असा होता. बाबांना सिंक ओट्याच्या खालून लावायचं होतं. म्हणजे लाकडाला भोक, भोकाखाली चिकटवलेलं सिंक, वर काठ नाही, फडकं फिरवलं की खरकटं थेट आत. दगडी ओट्याला हे मानवतं. लाकडाला नाही, कारण भोकाच्या चारही कडा उघड्या राहतात आणि त्यातल्या दोन कडांवर फळ्यांची कापलेली टोकं असतात. फळी टोकाकडून पाणी पिते. (मी मोजलं. लेनच्याच मेपलचे दोन तुकडे पाण्यात ठेवले, एक टोकावर उभा, एक आडवा. चार तासांत उभा तुकडा आडव्याच्या तिप्पट प्यायला.) त्यात या फळ्या एकमेकींना खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. कापल्यावर खिळ्यांची पोटंही उघडी पडणार, भिजणार, गंजणार, आणि दोन वर्षांत भोकाभोवती काळी रेघ उमटणार. म्हणून माझं म्हणणं होतं की सिंक वरून सोडावं. काठ ओट्यावर टेकतो, कापलेली कड झाकतो, कापताना करवत थोडी इकडेतिकडे गेली तर तेही झाकतो. मला असा काठ आवडतो. आपण काय लपवतो आहोत ते तो सांगत नाही.

बाबा म्हणाले, "काठाखाली काय साठतं माहीत आहे का तुला? तुझ्या आईला एकदा काठाखाली वाटाणा सापडला होता. त्याला कोंब आला होता."

मी म्हटलं की एका वाटाण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

"कोंब आला होता," बाबा म्हणाले.

निष्कर्षाला आकडे हवेत म्हणून मी नऊ स्वयंपाकघरं पाहिली. पाहिली म्हणजे सिंकखालचं कपाट उघडायचं, आतले साबण-ब्रश जमिनीवर काढायचे, पाठीवर झोपायचं आणि विजेरी लावायची. (माणसांबद्दल तिथून जे कळतं ते बाहेरच्या खोलीतून कळत नाही. तेही लिहीत नाही.) ड्वेनकाकांकडे लॅमिनेटचा ओटा आणि वरून सोडलेलं सिंक आहे. बरोबर आहे. लॅमिनेटच्या पोटात भुशाची फळी असते, ती भिजली की दुधात टाकलेल्या पावासारखी फुगते. तिथे काठाशिवाय इलाज नाही. मी खालून हे सांगत असताना बर्नडीनकाकू वरून म्हणाल्या, "बाई गं, तुला जेवायला बोलावलं होतं. नवऱ्याला म्हटलं, मुलगी आली, तर हा म्हणतो कुठाय? मी म्हटलं, पाय दिसतायत बघ." माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे क्वार्ट्झचा ओटा आहे आणि खालून लावलेलं सिंक. दिसायला बाबा म्हणतात तसंच, सुरेख. पण ते नुसत्या डिंकावर लटकलं होतं, खाली एकही पकड नाही, आणि एका कोपऱ्यात तीन मिलिमीटर खाली आलं होतं. त्यांनी विचारलं, टर्की भाजायचं मोठं भांडं रात्रभर भिजत ठेवते ते चालेल ना? मी म्हटलं, भांड्याला चालेल.

चर्चच्या हॉलमध्ये, जिथे बूयाच्या रश्श्याची मोठाली पातेली घासतात, तिथे ओटा आणि सिंक एकाच पत्र्याचे आहेत. जोडच नाही. जोड नाही म्हणजे काठ नाही, डिंक नाही, वाद नाही. मी बराच वेळ त्याच्यापुढे उभी होते. मागून येऊन फादर क्वेंटिननी हळूच विचारलं की मी प्रार्थना करते आहे का. मी म्हटलं, साधारण तसंच.

सगळ्यांत शहाणं सिंक निघालं ते बाबांच्या जुन्या घरातलं, बिडाचं, पांढरं, पुढून पोट काढलेलं. माणूस उभा राहतो तिथे त्याच्यापुढे ओट्याची पट्टीच नसते, सिंकच असतं. आणि सगळ्यांत जास्त भिजते ती नेमकी तीच पट्टी. शंभर वर्षांपूर्वी ज्याने ते बसवलं त्याने लाकडाचा विचार माझ्याइतकाच केला होता, तराजूशिवाय. मी ते काढून इकडे आणायचं सुचवलं. ड्वेनकाका म्हणाले, "ते सिंक घराला नाही बसवलेलं, पोरी. घर त्या सिंकला बसवलंय."

बाबांचं खरं कारण मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, आणि तेही मी विचारल्यावर नाही. आम्ही ओट्यावर सिंकचा कागदी साचा ठेवून बघत होतो. लेनवर नेम धरायला सात बाण असतात हे तुला सांगायला नको. तुम्ही सगळे पिना सोडून त्या बाणांकडेच बघत आलात. सिंकची जागा खिडकीच्या बाजूला, बाणांच्या अलीकडे ठरली होती. खालून लावलं तर उजवीकडचा पहिला बाण भोकापासून अर्ध्या इंचावर, संपूर्ण दिसत राहतो. वरून सोडलं तर काठ त्याच्या बुडावर पाऊण इंच चढतो. बाबांनी साचा दोनदा उचलून दोनदा ठेवला. मग म्हणाले, "हा एडिथचा बाण आहे."

आई त्या बाणावरून चेंडू टाकायची हे मला माहीत होतं. पण आई गेल्यापासून आठ वर्षांत बाबांनी तिचं नाव माझ्यासमोर मोजक्याच वेळा घेतलं असेल (मोजलेलं नाही), आणि नाव निघाल्यावर पाणी शोषण्याचे आकडे पुढे करणं मला जमलं नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही प्रकारे बसतं असं सिंक घेऊन आले, वरूनही आणि खालूनही, एकाच मापाच्या भोकात. दुकानदार म्हणाला, हे ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी असतं. मी म्हटलं, आम्हाला दोघांनाही ठरवता येतं, तीच अडचण आहे.

आता भोक. या लोकांनी भोकाचं माप इंचांत घ्यायला नकार दिला. कारण ऐकल्यावर मला पटलं: लेनच्या एकोणचाळीस फळ्या सगळ्या अगदी सारख्या नसतात, आणि इंचांत कापलं तर करवत एखाद्या फळीच्या मधून जाते, मग काठाला चिरफळी उरते. फळ्यांत मोजलं तर करवत सांध्यावरून जाते. सिंकला पंधरा फळ्या लागणार होत्या, पुढे चार सोडून. तेव्हा कागदावर फळ्यांचे आकडे लिहून ड्वेनकाकांच्या हातात द्यायचे असं ठरलं. आकडे होते: एकवीस ते पस्तीस.

शनिवारी सकाळी बाबा जवळच्या ब्रुसेल्स गावाहून फळं भरून भाजलेला 'पाय' आणायला गेले होते (मनुकांचा आणि सफरचंदाचा, दोन्ही, कामाच्या माणसांना खायला घालण्याबाबत त्यांचा वाद नसतो). मी कानावर झापडं लावून भुसा ओढायची नळी धरून उभी होते. ड्वेनकाकांनी पेन्सिलीने फळ्या मोजल्या, मनात, ओठ हलवत. मग करवत लावली. खिळे लागले तशा ठिणग्या उडाल्या. पहिलं पातं मोडलं तेव्हा ते हसले, दुसऱ्याला हसले नाहीत, तिसऱ्याला त्यांनी हार्बर लेन्स बांधणाऱ्या माणसाच्या आईवडिलांची चौकशी केली. शेवटी तुकडा खाली पडला आणि ते म्हणाले, "घ्या बाईसाहेब, तुमची विहीर."

बाबा आले, पायची खोकी खुर्चीवर ठेवली, आणि खिडकीकडे जाऊन, जिथे उभं राहून भांडी घासायची तिथे उभे राहिले. त्यांच्यापुढे वीस फळ्या अखंड लाकूड होतं. सिंक त्यापलीकडे, जिथे उंच स्टुलं ठेवायची ठरली होती तिथे. त्यांनी हात लांब केला. पोचला नाही. मग ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, एक स्टूल ओढून त्यावर बसले, आणि त्यांचे गुडघे भोकाखाली गेले.

"कॉफी पिता पिता गुडघे धुवायची सोय केलीस," ते म्हणाले. अजून आवाज साधा होता.

"कागदावर होतं ते कापलं," ड्वेनकाका म्हणाले.

"मी तुला तोंडी सांगितलं होतं. खिडकीकडून चार सोड."

"तोंडी तू काय काय सांगतोस! कागद आला ना नंतर? एकवीस ते पस्तीस. तुझाच कागद, नॉर्बर्ट."

"मी कागदबिगद लिहिलेला नाही. दाखव कागद."

कागद सापडला नाही. भुसा उपसला, खोकी उचलून पाहिली, सापडला नाही. बाबा म्हणाले, चाळीस वर्षं ज्याला मी कप्तान म्हणून फळ्या शिकवल्या त्याला आज मोजता आल्या नाहीत, वर कागदाची गोष्ट रचतोस. मग ड्वेनकाका बोलले. मग बाबा १९९१ च्या स्पर्धेबद्दल बोलले. मुद्दा ६ हा तो. पाय कुणीच खाल्ला नाही.

आत्या, पुढचा आठवडाभर मी एका प्रश्नाच्या मागे होते आणि तो मला सिंकपेक्षाही रोचक वाटला: माणसं फळ्या कुठून मोजतात? मी सतरा बोलरना विचारलं. उजव्या हाताने टाकणारे तेरा, सगळे उजवीकडून मोजतात. डावखुरे तीन, तिघेही डावीकडून. सोळांपैकी सोळांच्या उत्तराची सुरुवात 'अर्थातच' या शब्दाने झाली. सतरावे फादर क्वेंटिन. ते मधल्या फळीपासून दोन्हीकडे मोजतात, आणि माझ्या मते त्या मंडळींत तेवढे एकच विचारी आहेत, पण त्यांची सरासरी फार वाईट आहे. लेन पूर्ण समतोल असते. पाचवी फळी उजवीकडूनही बाणाची आणि डावीकडूनही बाणाचीच. मधली विसावी फळी सोडली तर प्रत्येक फळीला दोन नंबर आहेत, दोन्ही बरोबर, आणि प्रत्येकाला वाटतं आपला तोच एक. लोक इतकी वर्षं एकमेकांशी या आकड्यांत बोलतात आणि भोकं फक्त आत्ता पडली, याचं मला आश्चर्य वाटतं.

इथपर्यंत तू वाचलं असशील तर तुला कळलं असणार. मला लेनवर उभी कुणी केली? मी नऊ वर्षांची, तू मागे, माझा डावा हात तुझ्या डाव्या हातात, आणि तू म्हणाली होतीस, "तुझ्या हाताकडून मोजायचं, एक, दोन, तीन."

मुद्दा ४ चूक नाही, अपुरा आहे. कागद मी लिहिला. खिडकीकडून चार सोडून पंधरा, म्हणजे उजव्या माणसाच्या पाच ते एकोणीस. मी मोजल्या माझ्या हाताकडून, एकवीस ते पस्तीस आल्या, तेच आकडे लिहिले आणि कुठून मोजले ते लिहिलं नाही. ड्वेनकाकांनी तेच आकडे आपल्या हाताकडून मोजले. कारखान्यात माप कुठून घेतलं ते न लिहिलेलं रेखाचित्र मी परत पाठवते. यावर्षी चौदा पाठवली. एका मुलाला मी याच कारणासाठी रडवलं आहे.

कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता; मोजून झाल्यावर ड्वेनकाकांनी तो ओट्यावर टाकला तेव्हा मीच उचलला होता. बाबा "दाखव कागद" म्हणाले तेव्हाही होता. मला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. ते दोघे एकमेकांना विचारत होते, आणि माझं अक्षर छापल्यासारखं असल्याने ड्वेनकाकांना ते बाबांचंही वाटू शकलं. मी नळी धरून उभी राहिले. पहिल्या मिनिटाला बोलले असते तर ती एक चूक होती. पाचव्या मिनिटाला ती दुसरी गोष्ट झाली होती. आज नववा दिवस आहे. बाबा शुक्रवारी नेहमीच्या फिश फ्रायच्या जेवणाला गेले नाहीत. ड्वेनकाका गेले आणि, बर्नडीनकाकू म्हणाल्या, चौघांच्या टेबलावर एकटे बसून जेवून आले.

तुला नमस्कार. उन्हात टोपी घालत जा.

तुझी,
डेल्फीन

ता. क. (सोमवार, त्याच दुपारी) सिंकबद्दल तुझं मत हवंच आहे, पण ते मागायला मी सहा पानं लिहिली नसती. खरं काम असं. बाबांना तू फोन कर आणि सांग की मला डावीकडून मोजायला तू शिकवलंस. हे खोटं नाही. माझ्यावर ते एकदा सलग अकरा महिने रागावले होते. तुझ्यावर त्यांना दोन दिवसांच्या वर रागावता येत नाही हे मी लहानपणापासून पाहते आहे. चुकीचे दोन भाग केले आणि मोठा तू घेतलास तर बर्फाच्या आत ते इकडे राहायला येतील. मी हे विचारपूर्वक लिहिते आहे.

ता. क. २ (बुधवार, ८ ऑक्टोबर) वरचा ताजा कलम रद्द समज. पत्र अजून टपालात टाकलेलं नाही. पेटीपर्यंत दोनदा जाऊन आले. काल संध्याकाळी बाबांच्या घरी गेले, कागद त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि कुठून मोजलं ते सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.

"मग मी ड्वेनला काय बोललो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर लिहून ठेवलं होतं.

"एवढं सगळं?"

"हो."

"एक्क्याण्णवचंही?"

"दोनदा."

ते उठले, कोट घातला आणि मला म्हणाले, "तू इथेच बस." तासाभराने बर्नडीनकाकूंचा फोन: "तुझा बाप आमच्या दारात ट्रक लावून बसलाय आणि आमचे हे त्याच्याशेजारी. घरात या म्हटलं तर काच वर करतात. मटण पार गार झालं गं. काय केलंस तू?" मी म्हटलं, खूप उशीर केला. त्या म्हणाल्या, "तो तर दिसतोच आहे."

ता. क. ३ (गुरुवार, ९ ऑक्टोबर) आज सकाळी दोघे आले. ट्रकमधून बाबांची आरामखुर्ची उतरली. ती का आणली हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती खिडकीशी आहे. बाबा माझ्याशी अजून पूर्ण बोलत नाहीत. "डेल्फीनला सांग पट्टी दे," असं ड्वेनकाकांना म्हणतात, आणि ड्वेनकाका म्हणतात, "ती ऐकतेय, नॉर्बर्ट, ती तुझ्या कोपराशी उभी आहे."

भोक आहे तिथेच राहणार. मी हिशेब दाखवला: भोकाच्या बाजूने पाहिलं तर ते चुकलेलं नाही, बाकीचं स्वयंपाकघर चुकलं आहे. कपाटं फिरवायची, नळ सतरा इंच सरकवायचा, स्टुलं खिडकीकडे. घासणाऱ्या माणसाला मग खिडकी समोर येते. यावर दोघेही "हं" म्हणाले.

आणि सिंक. आईचा बाण आता भोकापासून दूर, पूर्ण मोकळा आहे. बाबांनी त्याच्याभोवती बोट फिरवलं आणि म्हणाले, मग वरून सोडायला माझी हरकत नाही, लाकूड तर वाचेल. (हे मी तीन आठवडे म्हणत होते. बोलले नाही.) साचा ठेवला. काठ पाऊण इंच चढतो तो आता डावीकडच्या पहिल्या बाणावर, म्हणजे ज्यावरून मी टाकायला शिकले त्यावर. मी म्हटलं, माझी हरकत नाही.

"तुझा नाही तो," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच थेट माझ्याशी. "लिओनाचा आहे. तू नंतर आलीस."

"ती ॲरिझोनात आहे," ड्वेनकाका म्हणाले. "तिला काय दिसतंय इथून?"

"म्हणून काय न विचारता झाकायचा?"

ड्वेनकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. साचा उचलून ठेवला आहे. सिंक खोक्यात आहे. सिंक बसलं की राहायला येईन, असं बाबा जाताना दारातून, बाहेर बघत म्हणाले.

तेव्हा विचारते: चार नंबरच्या लेनवरचा, डावीकडचा पहिला बाण पाऊण इंच झाकायला तुझी परवानगी आहे का? नसेल तर आम्ही खालून लावू आणि कडांना तेल मी स्वतः दर महिन्याला देईन. प्लंबर १७ तारखेला, शुक्रवारी येतो. बुधवार, १५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर कळव. फोन केलास तरी चालेल.